दारावरचा शब्द

पोरीला काडीची अक्कल नाही, हे बाईंचं मत तसं जुनंच होतं. पण काल तिनं जे केलं त्याला नुसतं अक्कल नसणं म्हणायचं, तर वणव्याला शेगडी म्हणावं लागेल. दोनशे माणसं भरलेल्या सभागृहात, हातात माईक धरून, 'माझी आजी इथंच बसली आहे, पहिल्या रांगेत,' असं सांगायचं असतं का? आधी विचारलं नाही, सुचवलंसुद्धा नाही. 'आजी, माझं भाषण आहे, ये,' एवढंच म्हणाली होती, आणि बाई आपल्या ठेवणीतला कोट घालून नातीचं कौतुक बघायला गेल्या होत्या. कौतुक बघायला आलेल्या माणसालाच उभं करून त्याचं कौतुक करायचं, हा कुठला शहाणपणा? 'उभी राहा ना आजी, सगळ्यांना दिसू दे.' जशी काही दुकानाच्या काचेतली बाहुली, मागून पुढून फिरवून दाखवायला. आणि बाई उभ्या राहिल्या होत्या. सकाळपासून बाईंचं गाडं इथंच येऊन अडत होतं. कुणी हाताला धरून उठवलं नव्हतं. गुडघ्यांचं निमित्त होतं, ते पुढं करता आलं असतं. त्या उभ्या राहिल्या, मान थोडी लववली, टाळ्या वाजत होत्या तोवर उभ्याच राहिल्या, आणि टाळ्या थांबल्यावर बसल्या. फुकटचं कुणाचं घ्यायचं नाही, असं ज्या बाईनं दोन पिढ्यांना बजावलं, तिनं.

कापणीच्या टेबलावर राखाडी कापड पसरलेलं होतं आणि खडू हातात तसाच होता. समोर दोन मशिनं चालू होती. मशिनांवरच्या दोघींना बातमी कळलेली होती. या खोलीत बातमी सुईपेक्षा आधी आरपार जाते. काजं करणारीनं मशीन थांबवलं.

"बाई, आता आम्हालाही तुमची सही घेऊन ठेवायला हवी."

"घे की. आधी मला ती नीट करता आली पाहिजे. आणि तुझी काजं बघ, तोंड वासून बसलीयेत. त्यांना झाक आधी."

दुसरी हसली, पायाखालचं पायडल दाबून तिनं टीप पुढं नेली. एरवी असं कुणाला गप्प केलं की बाईंना बरं वाटायचं, भूक लागल्यावर घास मिळावा तसं. आज वाटलं नाही. कान कालपासून गरम होते. अंगुस्तान घातलेल्या बोटाला आत घाम आला होता, आणि ते काढून पुसावं एवढंही सुचत नव्हतं.

सगळं त्या दारावरच्या शब्दापासून सुरू झालं. दहा वर्षांपूर्वी मुलानं नवी पाटी करून आणली, तेव्हा 'शिवणकाम' पुसून त्या जागी हा लांबलचक फ्रेंच शब्द आला. कुत्यूर. बाईंनी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, मोठ्या दुकानांवर असतो, गिऱ्हाईक बिचकत नाही, उलट आत येतं. बाईंची शाळा दुसरीत सुटलेली. टेपवरचे आकडे, बसवरचे आकडे आणि मोठी मोठी अक्षरं, एवढाच त्यांचा वाचनाचा पसारा. पण माहीत नाही म्हणणं त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक सांगितलं, ही परदेशातली कापण्याची एक रीत आहे, तिरकी. ते गिऱ्हाईक मान डोलावत गेलं. पुढं दहा वर्षं त्या शब्दाखालून बाई ये-जा करत होत्या आणि तो तिरकी कापणीच राहिला. कालपर्यंत. काल नातीनं तो पांढऱ्या पडद्यावर भला मोठा दाखवला. हा आमच्या आजीच्या दारावरचा शब्द, म्हणाली, आणि लहानपणी मी रोज याच्याखालून आत जात होते. हा फ्रेंच आहे, पण मूळचा फ्रेंचांचाही नाही. त्यांना तो लॅटिनमधून मिळाला. तिथं 'सुएरे' म्हणजे शिवणं, आणि त्याच्या आधी लागतो 'कोन्', म्हणजे सोबत, एकत्र. कोन्सुएरे: दोन तुकडे एकमेकांना शिवून जोडणं. त्यावरून शिवणीला शब्द झाला. मग शेकडो वर्षं तो लोकांच्या तोंडून फिरला, आणि फिरता फिरता झिजला. त्यातला न गेला. स बरीच वर्षं तग धरून होता, मग तोही बोलण्यातून गेला, आणि शेवटी राहिलं ते हे. आणि गंमत अशी, की लॅटिनमधलं 'सुएरे' आणि आपलं 'शिवणं' ही लांबची भावंडं आहेत. फार मागं गेलं तर दोघांचं घर एकच.

बाईंना हे सगळं समजलं. समजेल असं वाटलं नव्हतं, आणि समजलं म्हणून त्या अंधारात एकट्याच खूश झाल्या. तिरकी कापणी म्हणून सांगितलं होतं ते आठवून ओशाळल्याही, पण ते हसण्यासारखं ओशाळणं होतं, घरी जाऊन सांगण्यासारखं. शब्दसुद्धा वापरून विरतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कोपरावर कोट विरतो तसाच. एक गोष्ट मात्र तेव्हाच खुपली. त्या शब्दात 'सोबत' होतं म्हणे, अगदी पहिल्यांदा, सगळ्यांच्या पुढं. आणि आता त्याचा नुसता 'कु' उरलाय, आणि तो म्हणताना सोबत कुणालाच ऐकू येत नाही. हे मनात आलं आणि लगेच, का कोण जाणे, टाचण्यांची उशी आठवली. पण तेवढ्यात पडद्यावर पट्टी आली होती.

पट्टी म्हणजे खाकी कागदाची, दोन बोटं रुंद, माणसाच्या कमरेभोवती फिरेल एवढी लांब. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक. एका टोकापासून माप धरायचं आणि कडेला कात्रीनं खाच द्यायची: एक खाच खांद्याची, जोडखाच छातीची, त्रिकोणी खाच कमरेची, बाहीची खाच दुसऱ्या कडेला. कोपरा दुमडलेला असला की उजवा खांदा उतरता आहे. मध्ये भोक असलं की माणूस घट्ट सांगतो पण त्याला सैल हवं असतं. नाव कुठंच नाही, कारण नाव लिहिता येत नव्हतं. त्या माणसानं पहिल्यांदा जे शिवून नेलं, त्या कापडाचा नखाएवढा तुकडा पट्टीच्या डोक्याला टाचलेला. भिंतीवर ओळीनं खिळे, आणि खिळ्यांना पट्ट्या. नवीन माणूस खोलीत आला की आधी त्या भिंतीकडे बघतो. काल सभागृहानं बघितलं. नात म्हणाली, शब्दाचं मूळ शोधायला निघाले आणि मला माझ्या घरातलं मूळ सापडलं. जिला अक्षरांनी जवळ केलं नाही, तिनं कात्रीनं स्वतःची लिपी घडवली. ती ही, माझी आजी. उभी राहा ना आजी.

टाळ्या. आणि टाळ्यांत, तिसऱ्या रांगेच्या कडेला, बाईंना आपली पुतणी दिसली. थोरल्या दिरांची मुलगी. नातीनंच बोलावली असणार, आत्या आत्या करत तिच्या घरी जाऊन येऊन असते. पुतणी टाळ्या वाजवत होती. सावकाश नाही, खोचक नाही, बाकीच्यांसारख्याच. बाहेर पडताना ती जवळ आली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "काकू, छान झालं हं सगळं." आणि बससाठी गेली. बाईंनी तिच्या पाठीकडे बघितलं तर उजवा खांदा उतरता होता. आईसारखा.

कारण ती पट्टी, त्या खाचा आणि तो दुमडलेला कोपरा हे सगळं तिच्या आईचं होतं. बाईंच्या थोरल्या जावेचं. या भिंतीवरचा पहिला कोपरा दुमडला तो जाऊबाईंनी, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पट्टीचा होता. "माझंच माप आधी," म्हणाल्या होत्या, "माझ्यात खोट आहे ती मला माहीत आहे, दुसऱ्याची शोधायला वेळ लागेल." तेव्हा दोघी एका खोलीत, एका मशिनावर. थोरलीला अक्षरओळख अजिबात नाही, धाकटीला दुसरीपुरती. थोरली कापायची आणि धाकटी बोलायची. गिऱ्हाइकाला बसवायचं, हसवायचं, त्याच्या नाकी नऊ आणून त्याच्याकडून हो म्हणून घ्यायचं, हे धाकटीचं. जाऊबाई बोलायच्या कमी, कारण त्यांच्या ओठांत कायम टाचण्या. सहा-सात टाचण्या ओठांत धरून त्या माणसाभोवती फिरायच्या, एकेक काढून लावायच्या. "धाकटे, तू बोलत राहा," एवढं टाचण्यांच्या फटीतून म्हणायच्या, "तू बोलतेस तोवर ते श्वास कोंडून उभे राहत नाहीत. माप खरं येतं." त्या वर्षांत बाईंना वाटायचं आपण या कामाचा निम्मा भाग आहोत. आणि होत्याही. निम्म्यावर भागलं असतं तर काय हवं होतं.

बिनसलं ते निळ्या कोटांवरून, दोन्हींचं कापड एकाच ठाणातलं होतं. एक मावशी आणि तिची भाची, दोघींनी एकाच दिवशी निळे कोट शिवायला टाकले. म्हणजे भिंतीवर दोन पट्ट्या, दोघींच्या डोक्याला तोच निळा तुकडा. जाऊबाईंनी मावशीचा तुकडा काळ्या दोऱ्यानं टाचला आणि भाचीचा पांढऱ्या, आणि धाकटीला दोनदा दाखवलं. दोन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. पोशाखाचं पांढरं साटीन आलं, आणि जाऊबाई टेबलापाशी कात्री घेऊन उभ्या, म्हणाल्या, पट्टी दे गं. धाकटी तेव्हा दारात एका बाईशी बोलत होती, काहीतरी फार हसण्यासारखं चाललं होतं. बोलता बोलताच हात मागं करून खिळ्यावरची पट्टी काढली आणि दिली. काळा दोरा. मावशी काडीसारखी, भाची भरलेली. जाऊबाईंनी पट्टीवर विश्वास ठेवला, कारण पट्टी धाकटीच्या हातून आली होती. साटीन फार महाग म्हणून शिवणीच्या आत जादा कापडाची माया बेताचीच सोडली. लग्नाच्या दोन दिवस आधी मुलगी आरशापुढं उभी राहिली तेव्हा पाठीवरच्या दोन्ही कडा एकमेकींपासून तीन बोटं लांब होत्या, आणि मधली उघडी पाठ मुसमुसून हलत होती.

मुलीच्या आईनं विचारलं, "हे कापलं कुणी?"

पट्टी कुणी काढली, असं तिनं विचारलं असतं तर? बाईंनी हे स्वतःला किती वेळा विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी उत्तर ऐकायच्या आत दुसरं काहीतरी काम काढलं होतं. कारण धाकटीला दोरा दिसला होता. मुलीची पाठ बघितली त्याच क्षणी तिनं टेबलावर बघितलं, आणि काळा दोरा तिथं होता, मुंगीएवढा. जाऊबाई मुलीच्या मागं गुडघ्यांवर बसलेल्या, ओठांत टाचण्या. आणि धाकटी म्हणाली, "कात्री जाऊबाईंच्या हातात असते."

शब्द न् शब्द खरा. खोट्याचा एक धागा नाही त्यात, म्हणूनच ते उसवता आलं नाही. जाऊबाईंनी ओठांतली एक टाचणी काढली, उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सातही टाचण्या उशीत जाईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. धाकटी, जी कधी गप्प बसत नव्हती, तीसुद्धा. त्या वेळात एक वाक्य सहज मावलं असतं. तोंड मोकळं झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हो. कापलं मीच."

पुढचं काही मोठं घडलं नाही. भांडण झालं असतं तर बाई जिंकल्या असत्या, नाहीतर हरल्या असत्या. दोन्हीत सुटका होती. गिऱ्हाइकं विचारू लागली, माझं तुम्हीच कापाल ना? बाई म्हणू लागल्या, हो, आता मीच. जाऊबाई काजांवर बसू लागल्या, मग नुसत्या दुमडी घालू लागल्या, आणि चार महिन्यांनी थोरल्या दिरांनी दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. जाताना बाईंनी सगळ्या पट्ट्या दोरीत बांधून पुढं केल्या. जाऊबाईंनी हात लावला नाही. "राहू देत गं इथंच. माणसं इथली, त्यांची मापं तिथं नेऊन काय करू?" एक सोडून सगळ्या राहिल्या. पहिल्या खिळ्यावरची, जाऊबाईंची स्वतःची, तेवढी दिसली नाही. ती त्यांनी नेली, की बाईंनीच कुठं ठेवली आणि विसरल्या, हे आता सांगता यायचं नाही. पुढं जाऊबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा बाई भेटायला गेल्या. पुतणीनं चहा आणला. जाऊबाईंनी बरंच काही विचारलं, गुडघे, मुलगा, नात, आणि मग सहज, "ती निळ्या कोटवाली मावशी अजून येते का गं?" बाई म्हणाल्या, येते. त्या आवाजात टोचणी असती तर बरं झालं असतं. टोचलं की उलट टोचायला बाईंना वेळ लागत नाही. पण त्यात खरोखर ती मावशीच होती, तिची काडीसारखी पाठ, तिचं माप. पुतणी तेव्हा खोलीत होती की स्वयंपाकघरात? काल टाळ्यांत उभं राहिल्यावर बाई हेच आठवायचा प्रयत्न करत होत्या. रात्री तेच. आत्ता, खडू हातात धरून, तेच.

दुपारी नात आली. खांद्यावर कॅमेरा, हातात कागद. काजंवालीनं तिला पाणी दिलं आणि "आजींवर पुस्तक काढताय म्हणे!" म्हणून दात दाखवले.

"आजींवर नाही, शब्दांवर. त्यात माझा एक लेख," नात म्हणाली. "सोमवारी छापायला जाणार. आजी, तू भिंतीपाशी उभी राहा, पट्ट्यांसोबत एक फोटो हवाय. आणि रागावली आहेस का? बाबा म्हणाले, तोंड फुगवून बसलीये."

"माझं तोंड तसंच आहे. वाच काय लिहिलंयस ते."

नातीनं वाचलं. वाचणं तिला छान जमत होतं, जिथं थांबायचं तिथं थांबत होती. झिजलेल्या न चा, स चा भाग आला, शिवण्याच्या लांबच्या भावंडांचा आला. मग: "ही पद्धत माझ्या आजीला कुणी शिकवली नाही. ती तिची तिलाच सुचली."

"पुढं?"

"पुढं वर्ष लिहायचंय. सर म्हणाले, साधारण कधीपासून ते हवं. मी आत्यालाही फोन केला होता, म्हटलं तिला लहानपणचं आठवत असेल. तर ती म्हणाली, काकूंनाच विचार, त्यांना सगळं माहीत आहे, त्या सांगतील ते लिही."

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या सांगतील ते लिही. म्हणजे त्या आजारपणातल्या भेटीच्या दिवशी पुतणी खोलीतच होती. नाहीतर नंतर कधीतरी आईनं तिला सांगितलं, फार शब्द न खर्चता. आणि हे माहीत असून तिनं काल टाळ्या वाजवल्या, नमस्कार केला, आणि गाठ सोडायला बाईंच्याच हातात दिली. दोघी मायलेकी एका मापाच्या. यांनी कधी ओरडून विचारलं नाही म्हणून इतकी वर्षं निभावलं, असं बाईंना वाटत आलं होतं. आणि आता कळत होतं, की ओरडून विचारलं असतं तर निभावलं असतं. एक वर्ष सांगायचं होतं फक्त. कुठलंही. तोंडाला आलंही होतं.

"मशिनं बंद करा गं," बाई म्हणाल्या.

दोन्ही मशिनं थांबली. दोघी उठून बाहेर जाऊ लागल्या तर बाईंनी हातानंच बसवलं. मग त्यांनी सांगितलं. सवयीनं आधी जरा फिरवून सांगायला लागल्या, दारात कोण बाई होती, कशावरून हसत होतो. मग स्वतःच थांबल्या आणि सरळ सांगितलं. पट्टी कुणाची. कोपरा कुणाचा. दोरा कुठला, तो आपल्याला केव्हा दिसला, आणि तो दिसल्यानंतर आपण काय बोललो. सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या, कारण नातीकडे बघवत नव्हतं. कानांची आग गळ्यापर्यंत उतरली. सातव्या टाचणीपाशी आवाज फाटला. काजंवाली मांडीवरच्या कापडाला बोटानं घड्या घालत राहिली.

नातीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग हळूच म्हणाली, "आजी, किती जुनी गोष्ट आहे ही. आणि तू पण होतीसच की त्यात, एवढी वर्षं तूच तर चालवलंस." मग तिला काहीतरी सापडल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "असं करू या का? 'आमच्या घरातल्या बायकांनी मिळून ही पद्धत घडवली.' मिळून. म्हणजे मोठी आजी पण आली, तू पण आलीस, कुणाला वाईट वाटायला नको. आणि शब्दाच्या अर्थाशीसुद्धा किती जुळतं ते!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती आजीला वाचवत होती, हे बाईंना दिसलं. आपल्यावरचं हे प्रेम त्या क्षणी त्यांना सोसवेना. त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला, वाचता येत नव्हता तरी त्या ओळीवर बोट ठेवल्यासारखं ठेवलं, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या शब्दासाठी तू कुठच्या कुठं मागं गेलीस, कुणाचा न गळला, कुणाचा स गळला, सगळं शोधलंस. आणि घरात आलीस ती पहिल्याच माणसापाशी थांबलीस. का, तर ते माणूस तोंडाळ होतं आणि पहिल्या रांगेत बसलं होतं. मी सांगितलं नाही, तो माझा नीचपणा. तू विचारलं नाहीस, तो तुझा आळस. आणि आता हे जे 'मिळून' घालतेयस ना, ते या दोन्हींहून वाईट. सगळ्यांच्या नावावर घातलं की ज्याचं आहे त्याचं राहत नाही. अगं, मीसुद्धा तेव्हा खोटं बोलले नव्हते. असंच, खपेल एवढंच खरं बोलले होते. माझ्यावर गेलीस तू. मला नाही आवडलं ते. बस इथं, आणि लिही: पट्ट्या मोठ्या आजीच्या, वाया गेलेलं साटीन माझं, आणि कालच्या टाळ्या मी उभी राहून घेतल्या."